काट्याखालची गादी

अण्णा,

रिपोर्ट चार वाजता मिळेल, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं आहे. आता तीन वाजून वीस मिनिटं झाली आहेत. मी नांदेडला एका लॅबच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून आधी थोडक्यात सांगते. मी काटे आणि मापं तपासण्याचंच काम करते, फक्त तुमच्या दुकानाऐवजी एका प्रयोगशाळेत. लग्न झालं. आठ आठवड्यांपूर्वी मुलगी झाली. बाळंतपणानंतरचं रक्त थांबत नव्हतं, म्हणून सव्वा महिन्यानंतरच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी नीट पाहिलं, तर गर्भपिशवीच्या तोंडाशी एक जाडसर चट्टा होता. तिथला बारीक तुकडा काढून त्यांनी तपासायला पाठवला. "बहुतेक सूजच असेल, पण कागद हातात आल्याशिवाय मी सांगणार नाही," म्हणाल्या. त्यांचं बोलणं मला पटलं. आठ दिवस लागतील म्हणाल्या, तेही पटलं. घरी आल्यावर मात्र त्यातला फक्त 'बहुतेक' शिल्लक राहिला.

रडणं मला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी मोजायला लागले. आपल्या बाळाला घेऊन रोज एकदा काट्यावर ठेवत होते, ते दिवसातून अकरा वेळा ठेवायला लागले. पाजण्याआधी, पाजल्यावर, झोपेतून उठल्यावर. वेळ आणि वजन, आत्ता हे लिहिते आहे त्याच वहीत लिहायचं. चार किलो तीनशे दहा ग्रॅमची मुलगी एका दिवसात चार किलो एकशे पंचवीसवर आली आणि तिथेच थांबली. माझं स्वतःचं काय होणार याचा विचार मी त्या आठवड्यात केलाच नाही; मला फक्त ते एकशे पंच्याऐंशी ग्रॅम दिसत होते. आई सोबतीला लातूरहून आली आहे. ती दारात उभी राहून म्हणाली, "काय करून राहिलीस गं सारखं? लेकरू हाय का हरभऱ्याचं पोतं? उतरव त्याला." मी म्हटलं, "वजन कमी झालंय तिचं." आईने मुलीला उचललं, तिच्या मांडीला चिमटीत धरलं आणि म्हणाली, "ही बघ, चिमटीत मावंना. तुझा काटा येडा झालाय, न्हाईतर तू."

काटा वेडा होणं म्हणजे काय, हे आपल्या घरात आईपेक्षा मला जास्त कळायला हवं होतं. काल दुपारी मी तुमची पेटी काढली. इंजिनिअरिंगला नांदेडला यायला निघाले त्या दिवशी तुम्ही दिलेली, पितळी वजनांची, आत लाल मखमल. घरातून सगळे डबे-लाडू बांधून देत होते आणि तुम्ही ती माझ्या बॅगेत कपड्यांच्या घडीखाली सरकवलीत. एक किलोचं वजन रुमालाने पुसून काट्यावर ठेवलं. नऊशे पंचावन्न. पुन्हा ठेवलं. नऊशे पंचावन्न. मग मी खाली पाहिलं. तुकडा काढला त्या दिवसापासून ओट्यापाशी उभं राहिलं की ओटीपोट दुखायचं, म्हणून मी काटा ओट्यावरून उचलून पलंगावर आणला होता. कापसाच्या गादीवर.

मला मोंढ्यातली, धान्याच्या बाजारातली ती आडत आठवली. मी दहा वर्षांची आहे, सुट्टी आहे, तुम्ही पोत्यांचा मोठा काटा तपासायला मला बरोबर नेलं आहे. तुम्ही वजनं चढवता आणि मी शहाणपणाने ओरडते, "अण्णा, दोन किलो कमी!" आडतीतले सगळे माझ्याकडे बघतात, मला बरं वाटतं. तुम्ही मात्र सगळ्यांसमोर म्हणता, "आकडा कोण इचारला तुला? बूड बघितलीस का?" मग गुडघ्यावर बसून काट्याच्या पायाखालून मूठभर सोयाबीन काढता. एक हमाल हसत म्हणतो, "मिस्त्री, पोरगी तुमच्यापेक्षा फास्ट हाय." तुम्ही म्हणता, "हाव. चुकायलाबी फास्टच हाय." 

काल मी काटा ओट्यावर नेला, पातळी बघितली, किलोचं वजन ठेवलं. एक हजार. मग मुलीला ठेवलं. चार किलो चारशे सत्तर. आई म्हणाली, "झालं समाधान?" मी वहीतली सहा दिवसांची वजनं एका रेघेने कापली, बाजूला कारण लिहिलं आणि सही केली. कामावर करते तशीच. त्यानंतर आठवड्यात पहिल्यांदा मला स्वतःसाठी भीती वाटली. स्वच्छ, नेमकी. काय असेल तर काय करायचं, कुठे जायचं, मुलीला दूध कसं द्यायचं, हे एका पानावर लिहून काढलं. रात्री झोप लागली.

नवरा म्हणाला होता, सुट्टी काढतो, मी आणतो रिपोर्ट. मी नको म्हटलं. त्याचं कारण तुम्ही आहात. तुमच्या तपासणीच्या रिपोर्टचं पाकीट तुमच्या दहाव्यानंतर दुकानाच्या खणात सापडलं, कडा चिकटलेलीच. "सीझन सरू दे, मग बघू," असं तुम्ही आईला सांगत राहिलात. आई फक्त एवढंच म्हणाली, "उघडायचं तरी की हो." मी बारा वर्षं तुम्हाला निष्काळजी म्हणत आले. दुसऱ्यांचे काटे तपासणारा माणूस, स्वतःचा कागद उघडत नाही.

चार वाजून सात मिनिटं. पाकीट मी काउंटरवर उभ्यानेच उघडलं. जुनी सूज आहे. कर्करोगाच्या पेशी नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचलं, वरचं नाव माझंच आहे ना हेही बघितलं. आईला फोन केला. ती म्हणाली, "मग ये की लवकर, पोरगी भुकेली हाय."

निघण्याआधी एक नोंद राहिली आहे. ही वही घरीच राहणार आहे, दुसरं कुणी तपासणार नाही, म्हणून लिहिते. तुम्ही गेलात त्या वर्षी, त्याआधीच्या दसऱ्याच्या सुट्टीत मी दुकानात आले होते. पेटीतली बारीक वजनं उचलायचा चिमटा तुमच्याकडेच राहिला होता, तो शोधायला मी खण उघडला आणि ते पाकीट पाहिलं. तुमचं नाव, लॅबचा शिक्का. हातात घेतलं आणि होतं तसंच परत ठेवलं. बाहेरून तुम्ही विचारलंत, "सापडला का गं?" मी म्हटलं, "नाही अण्णा, खणात काहीच नाही."