शोषखड्ड्यापलीकडचं घर

प्रिय ठमे,

एका भिंतीपलीकडे राहणारा बाप पत्र लिहितोय म्हटल्यावर तू आधी हसशील, मग घाबरशील. या आठवड्यात तीनदा तुझ्या दारात आलो आणि तिन्ही वेळा तुझा पंप बिघडलाय असं बडबडून माघारी गेलो. पंप ठणठणीत आहे. बोअर बंद करून मी पाण्याचे जार पाठवतोय, ते त्या पाण्याच्या धास्तीने. सातव्या महिन्यातल्या लेकीशी अकरा दिवस खोटं बोललो. यापुढे जमणार नाही.

आपला धंदा तुला ठाऊक आहे. कापडावर असा लेप द्यायचा की पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळून गेला पाहिजे. मी दुसऱ्याच्या कारखान्यात लेपाच्या टाक्या घासत हे काम शिकलो. रोलरच्या आवाजावरून कापड कुठे कच्चं राहिलंय ते आजही सांगतो. तिथला मुकादम टाकी धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडायचा आणि म्हणायचा, जमिनीचं पोट मोठं असतं, सगळं पचवते. स्वतःची शेड टाकली तेव्हा मीही पहिल्यांदा शोषखड्डाच खणला. बावीस वर्षं दर शनिवारी टाकी धुतली आणि पाणी त्यात सोडलं. पाणी कसं झरझर मुरायचं, बघून बरं वाटायचं. तुझ्या घरासाठी जागाही मीच निवडली, खड्ड्याच्या खालच्या अंगाला, कारण तिथे साठ फुटांवर पाणी लागलं. लेकीच्या दारात पाण्याला तोटा नाही, असं गावभर सांगत फिरलो.

गेल्या महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाने पाण्याचा तपासणी अहवाल मागितला. प्रयोगशाळेतली बाई बाटल्या घेऊन आली. भुरभुर सुरू होती, म्हणून मी तिला आपला सगळ्यात भारी रेनकोट पुढे केला. ती म्हणाली, नको काका, तुमचा कोट घालून बाटली भरली तर कोटावरचा लेपच बाटलीत उतरायचा. आणि साध्या सुती सदऱ्यात भिजत राहिली. मी हसलो खरा, पण कान टवकारले. थोड्या वेळाने ती फोनवर कुणाला तरी हळूच सांगत होती, मागे वस्ती आहे, उतार तिकडेच आहे. मी तिला म्हटलं, बाई, एक बाटली माझ्या लेकीच्या नळाचीही भर.

अहवाल आला. तुझ्या पाण्यात आपल्या लेपातलं रसायन मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. बाईने मला धंद्याच्या भाषेत समजावलं. ज्या चिवटपणामुळे लेप टिकतो, त्याच चिवटपणामुळे ते मातीत कुजत नाही, उन्हाने विरत नाही, जंतूंनाही पचत नाही. पाण्याबरोबर पुढे सरकतं, प्यायलं की रक्तात वर्षानुवर्षं राहतं आणि आईकडून पोटातल्या बाळाकडेही जातं. मी विचारलं, उकळलं तर? ती म्हणाली, वाफ होऊन पाणी जातं काका, ते मागेच राहतं, उलट दाट होतं. ठमे, तुला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून मीच तुझ्यामागे लागलो होतो, चांगलं वीस मिनिटं उकळून पी. तू कंटाळायचीस, तरी बापाचा शब्द म्हणून उकळायचीस.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना भेटून आलो. त्या म्हणाल्या, बाळाला त्रास होईलच असं नाही. वजन थोडं कमी भरू शकतं, म्हणून नीट लक्ष ठेवू. अंगावर पाजण्याबद्दल मात्र घाबरून आपल्या मनाने काही ठरवू नका, मला विचारा. खड्डा बुजवला, धुतलेलं पाणी आता पिंपांत भरून ठेवतो. पण बावीस वर्षांचं मुरलेलं मी कुठून उपसून काढू?

तुझा काका म्हणतो, दादा, कागद कपाटात ठेव. पोरीला जार जातायत ना, बास झालं. गल्लीतल्या चौदा घरांची सोयरीक आहे का आपल्याशी? त्याला कुठल्या तोंडाने दोष देऊ, अकरा दिवस मीही तेच करत होतो. मग काल तुझ्या फाटकाशी उभा असताना तुझ्या शेजारणीचा आवाज कानावर आला. चार महिन्यांच्या लेकराची आई ती. तुला विचारत होती, तुमच्याकडेच जार का येतात गं? आणि तू म्हणालीस, बाबा म्हणतात पंप बिघडलाय. माझं खोटं तुझ्या तोंडून ऐकलं आणि तसाच मागे फिरलो.

म्हणून हे पत्र. उद्या सकाळी दहाला त्याच उताराचं पाणी पिणाऱ्या चौदाही घरांना शेडमध्ये बोलावलंय. अहवाल मीच वाचून दाखवणार आहे, तुझ्या काकाला आवडो न आवडो. लोक काय म्हणतील ते ऐकून घेईन. पण अहवालातलं तुला चारचौघांत पहिल्यांदा कळू नये, बापाकडून आधी कळावं एवढंच वाटलं. रागावलीस तर रागाव. आलीस तर माझ्या शेजारी बसू नकोस, त्यांच्यात बस. आणि पहिला प्रश्न तूच विचार. माझ्याच लेकीने मला जाब विचारला, तर बाकीच्यांची भीड चेपेल.

तुझाच,
बाबा