लेथ मशीनला घातलेला हार

शुक्रवार, संध्याकाळ

गिऱ्हाइकांच्या सगळ्या वेबसाइट शेअर्ड होस्टिंगवरून, म्हणजे अनेकांच्या सामायिक सर्व्हरवरून, आपल्या स्वतंत्र सर्व्हरवर आणल्या. जुनं होस्टिंग आज बंद होणार, म्हणून नुसती घाई. साइट हलवली की मालकाला फोन करून ‘एकदा उघडून बघा, सगळं दिसतंय का?’ असं विचारायची माझी सवय. त्याच सवयीने भोसरीच्या वर्कशॉपवाल्या अण्णांनाही फोन लावला. अण्णा दिवाळीतच गेले, हे रिंग वाजायला लागल्यावर आठवलं. काय माणूस आहे मी!

फोन अण्णांच्या बायकोने, वहिनींनी उचलला. काय बोलणार? तोंडातून तेच नेहमीचं वाक्य गेलं. वर्कशॉप बंद झालं, लेथ मशीन विकलं. आता साइट कशाला, असंच म्हणतील वाटलं. त्या म्हणाल्या, ‘थांबा, बघते.’

पहिल्याच पानावर दसऱ्याचा फोटो. लेथ मशीनला झेंडूचा हार, शेजारी अण्णा. तो हार आत्ता लिहितानाही डोळ्यांपुढून हलत नाही.

‘दिसतंय का, वहिनी?’

‘व्हय. घरातल्या फोटोला हार हाय, भावजी. हितं हार मशीनला हाय, अन् हे हसत्यात. एवढं ऱ्हाऊ द्या.’