स्पंज कशात धुवायचा

रविवार, ९ नोव्हेंबर

...आणि मी मेथी निवडत होते. हे बाल्कनीत स्टुलावर, पुढ्यात बादली, बादलीत माशांच्या टाकीतलंच गढूळ पाणी. त्यात फिल्टरचा स्पंज दोनदा पिळला, झालं! मी म्हटलं, ‘‘शी! घाणीतच घाण धुताय. नळाखाली धरा की!’’ तर म्हणाले, ‘‘नळाखाली कधी धरू नकोस हं. मी नसलो तरी.’’ तेवढ्यात दूध उतू गेलं. गॅस पुसला, कुकर लावला. असाच एक रविवार.

आज आठवलं, कारण सकाळी सर्वेश म्हणाला, ‘‘आई, बाबांच्या वर्षश्राद्धाआधी टाकी चालू करू. रिकामी बघवत नाही गं. फिल्टर तू निवड, तुझं वाचन आहे.’’

श्रुतिका पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘करा चालू. पण खाणं मी घालणार नाही.’’

‘‘बरोबर! तू लांबच राहा!’’ सर्वेश हसला.

सून माझी, चेष्टा तिची, आणि मी गप्प.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लायब्ररीतून माशांचं पुस्तक आणलं. फिल्टर तीन तऱ्हेचे दिसतात. एक हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज – आमचा तोच होता. दुसरा टाकीच्या काचेला मागून अडकवायचा, पाणी वरून धारेने पडतं. तिसरा म्हणजे टाकीखाली ठेवायचा मोठा डबा, आत-बाहेर नळ्या. तो आमच्या दोन फुटी टाकीला नको.

पुढच्या पानावर थांबले. स्पंजमध्ये बारीक जंतू राहतात. माशांच्या घाणीतून पाण्यात विष होतं, ते हे जंतू संपवतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जंतू मेले की विष साठतं आणि मासे जातात. आठवडाही लागत नाही.

आमचे पाच गोल्डफिश सहा दिवसांत गेले होते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. वहीत तरी.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं घर धुवायला काढलं. चादरी, पडदे, ह्यांचे शर्ट. हात थांबत नव्हते. स्पंजही काढला. नळाखाली धरला, धुण्याची पावडर घातली, चोळून चोळून पिवळाधमक केला आणि दोरीवर उन्हात वाळवला. ह्यांचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं! तरी धरला. राग आला होता – काही न सांगता गेले म्हणून.

सहाव्या दिवशी विहीणबाई चेंबूरहून भेटायला आल्या. जानकीबाई, श्रुतिकाची आई. शेवटचा मासा तेव्हा वर तरंगत होता. ‘‘अगंबाई! हे काय झालं?’’ त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघालं, ‘‘श्रुतिकाने खाणं जास्त घातलं.’’

खोटं. ती चिमूट चिमूट घालायची, ह्यांनी दाखवलं होतं तशी.

घरात दहा माणसं बसलेली. त्या सगळ्यांदेखत जानकीबाई लेकीवर कडाडल्या, ‘‘एवढंही जमू नये तुला? सासऱ्यांची आठवण होती ती!’’ श्रुतिकाने माझ्याकडे पाहिलं. मी पदर डोळ्यांना लावला. लोकांना वाटलं, मी ह्यांच्यासाठी रडतेय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज सांगणार होते. तिने ऑफिसातून येताना माझ्यासाठी चाफ्याची फुलं आणली. नाही सांगितलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

श्रुतिकाला सुट्टी. मला घेऊन मालाडच्या दुकानात गेली. रस्ता ओलांडताना माझा हात धरला. सोडवून घ्यावासा वाटला.

दुकानदार क्लिफर्ड म्हणून. चाळिशीचा, बोलघेवडा. ‘‘काकी, टाकी किती लिटरची?’’

‘‘साठ.’’

‘‘मग तासाला तीनशे लिटर पाणी फिरवणारा घ्या. हा मागे लटकवायचा – झकास! मच्छी कुठली?’’

‘‘गोल्डफिश.’’

‘‘बाप रे, ती तर नुसती खाते आणि घाण करते! हाच घ्या. जुन्याला काय झालं?’’

‘‘बिघडला,’’ मी म्हटलं. आता बिचाऱ्या फिल्टरवरही ढकललं!

‘‘स्पंजवाला? काकी, त्याच्यात बिघडण्यासारखं आहे काय? मच्छी कशाने मेली?’’

मी काही बोलायच्या आत श्रुतिका म्हणाली, ‘‘माझ्यामुळे. खाणं जास्त झालं.’’

टोमणा नव्हता. रागही नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं. तिला ते खरंच वाटायला लागलंय!

क्लिफर्डने फिल्टर बांधून दिला. म्हणाला, महिनाभर नुसतं पाणी फिरू द्या, मग मासे आणा. आणि स्पंज नळाखाली धुवू नका. मी म्हटलं, ‘‘माहीत आहे.’’

रविवार, १६ नोव्हेंबर

सांगितलं. सकाळी चहाला दोघं समोर असताना. पावडर, दोरी, ऊन, सगळं.

सर्वेश म्हणाला, ‘‘जाऊ दे ना आई, मासेच ते.’’

श्रुतिकाने कप खाली ठेवला. मग म्हणाली, ‘‘मी चिमूटच घालत होते ना? मला वाटायचं, माझी चिमूटच मोठी असेल.’’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘माझी आई अजून फोनवर विचारते – गॅस बंद केलास ना, कुलूप नीट लावलंस ना. त्या दिवसापासून. दहा महिने झाले, आई.’’

कप धुऊन ती आत गेली. जेवताना बोलली नाही. मीही तिला ‘बोल’ म्हटलं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज एकटीच चेंबूरला गेले. जानकीबाईंकडे त्यांच्या शेजारणी बसल्या होत्या, उठायला लागल्या. म्हटलं, बसा, तुम्हीही ऐका. मासे मी मारले आणि तुमच्या लेकीचं नाव घेतलं, असं सांगितलं. आमच्यात मुलाची आई मुलीच्या आईपुढे वाकत नाही. मी वाकले.