टाकीच्या झाकणाखालचं प्लास्टिक

रविवार संध्याकाळ, आमगाव

चूक आपल्याच बाबांची असेल तर गिऱ्हाइकाला सांगावी का? मला उत्तर येत नाही.

राइस मिलच्या शेठजींची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार दहा मिनिटं चालून बंद पडायची. आठवडाभर मी बाबांच्या गॅरेजात कॉइल, पॉइंट, वायरिंग तपासत बसले. इंजिनात ठिणगी तर चांगली पडत होती. आज बंद पडताच पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकीनं सुस्स करून हवा ओढली आणि गाडी सुरू झाली. झाकणाखाली प्लास्टिक. हवेचं भोकच बंद, मग पेट्रोल पुढे जाणार कसं? घरातली पहिली डिग्री माझी, आणि हरवलं कोणी, तर प्लास्टिकनं. मी गॅरेजभर नाचले.

बाबांनी मात्र ते प्लास्टिक उचलून पाहिलं आणि म्हणाले, "मिलचा कोंडा टाकीत जाऊन राहिला होता, म्हून मीच लावलो होतो अन् इसरलो. शेठले कायले सांगतेस वो माय? कार्बोरेटर खराब होता म्हण."

"खोटं बोलून गाडी देऊ नोको, हे मले कोणं शिकवलं?"

"मीच," म्हणाले, आणि हसतच सुटले.

उत्तर अजूनही नाही. पण गाडी मिलवर पोचवली, ते प्लास्टिक शेठजींच्या हातात ठेवलं आणि सगळं सांगून आले. मिलवर जाताना शेजारच्या सीटवर बाबाच होते.