एक दार राहिलंय

ता. २६, गुरुवार

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतोय कोण! तू अजून काही न खाताच कामाला पळतेस का?

पत्राला निमित्त करसवलतीचं. हसू नकोस. स्वतःचं घर स्वतः बांधलं तर करात सूट मिळते म्हणे. जागा आपली हवी, राहायला आपणच हवं आणि घर पूर्ण झाल्याचा दाखला हवा. मुदत या महिनाअखेरपर्यंत. पहिल्या दोन अटी बसल्या, तिसरी अडली.

तपासणीला एक बाई आल्या होत्या. सगळं घर पाहून तुझ्या खोलीशी थांबल्या. "काका, इथलं दार कुठंय?"

"राहिलंय."

"घर उभं राहून दोन वर्षं झाली तरी?"

म्हटलं, सुतार मिळत नाही. आता मीच सुतार, हे अर्जावर ढळढळीत लिहिलेलं! बाई हसल्या. "अपूर्ण" असा शेरा मारून गेल्या.

दार केव्हाचंच तयार होतं गं. भिंतीला टेकून उभं. अर्ध्या तासाचं काम.

एरवी मला अरे-तुरे करणारी तू, जाताना म्हणालीस, "घर पुरं झालं की कळवा, मग बघू." ते "कळवा" फार लागलं. मग मी घर पुरं होऊच दिलं नाही. शेजारी विचारतात, लेक येत नाही का? मी सांगतो, घराचं काम चालू आहे ना अजून. दार लावलं आणि तरी तू आली नाहीस, तर काय सांगू?

आणि ते दुसरं. आई गेली त्या दुपारी स्लॅब टाकणं चालू होतं. तुझा फोन ऐकू आला नाही म्हणालो, ते खोटं होतं. तुझं नाव पाहिलं, स्लॅब अर्ध्यात सोडता येत नाही असं मनाला बजावलं आणि फोन खिशात टाकला. घर तिच्यासाठीच बांधतोय म्हणत होतो. चुकलो मी. तुला हे तेव्हाच कळलं होतं, माझ्या तोंडून यायचं राहिलं होतं.

आज सकाळी दार बसवलं. कुठे घासत नाही. कडी आतल्या बाजूनं लावलीय, तुला हवी होती तशी.

अर्जात आजची तारीख घातली. खाली विचारलंय, घरात राहणारी माणसं किती. "एक" लिहिलं.

घर पुरं झालं. कळवतो आहे.

तुझा,
बाबा