कंपनी फिटिंग

प्रिय ठकू,

पोचल्याचा तुझा फोन आला तोवर माझा चहा ओट्यावर तसाच निवला होता. तू हसत सांगितलंस, उताराच्या वळणावर ओल्यात गाडी जरा घसरली, पण सावरली. मीही हसले. फोन ठेवला आणि निवलेला चहा तसाच मोरीत ओतला.

तुझ्या बाबांना त्या गाडीचं केवढं कौतुक. कुणी काही बदला म्हटलं की म्हणायचे, कंपनी फिटिंग आहे, हात लावायचा नाही. माझी दाढ काढली तेव्हा दवाखान्याच्या दारातच म्हणाले, चला, एक कंपनी फिटिंग गेलं. तोंडात बोळा, मला धड हसताही येईना. ते गेल्यावर गाडी तू नेलीस. आता टायरचा विषय काढला की तू त्यांच्याच सुरात तेच म्हणतेस.

मागच्या खेपेला तू बाळाला घेऊन आडवी झालीस, तेव्हा मी हळूच बाहेर जाऊन चाकाशी बसले. खाचा अजून खोल आहेत, तुझं खरं आहे. गाडी फिरली ती किती? पण कडेला बारीक भेगा, अगदी माझ्या टाचांसारख्या. रबर इतकं कडक झालेलं की नख रुतेना. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कंपनीचे टायर वाईट नसतात. गाडी मऊ, गुपचूप पळावी, पेट्रोल कमी खावं, असे निवडलेले असतात. दुकानातून घेताना ओला रस्ता धरणारे बघून घेता येतात, ते थोडे गुणगुणतात एवढंच. पण रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं, काकू, मग ते कुणाचंही असो.

भीती वाटली की डोळे मिटून प्रार्थना करा, असं शाळेत सिस्टर सांगायच्या. हल्ली डोळे मिटले की ते वळण दिसतं, आणि मागच्या सीटवर झोपलेलं बाळ.

महिनाअखेरीस तू त्याच रस्त्याने येणार. फोनवर बोलले असते तर तू बाबांचा आवाज काढला असतास आणि मी विरघळले असते, म्हणून हे पत्र. चारही टायर बदल. नाही बदललेस तर येऊ नकोस. तुला येऊ नको असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणतेय, ठकू. बाबांची गाडी दारात येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही, इतकी मुकी. मला आता ती कोपऱ्यापासून गुणगुणत येताना ऐकायचीय.

तुझीच,
खिडकीशी कान लावून बसलेली
आई