बारवेजवळची बंजर जमीन

हैदराबाद, ४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
मीनलचा सा. न. वि. वि.

सोबतच्या कागदावर तुमची खरी सही लागते, फोनवरचा फोटो चालत नाही, म्हणून पोस्टानं पाठवते आहे. आपल्या नेरडीगोंड्याच्या जुन्या बारवेजवळ हायवेचं हॉटेल होणार आहे. त्याला पर्यावरणपूरक इमारतीचं प्रमाणपत्र मिळवून देण्याचं काम कंपनीनं माझ्यावर टाकलंय. जुन्या वास्तूजवळची जागा म्हणून गुण मिळतात. पण तिथं शेती होती असं निघालं, तर जागाच बाद. हे काम गेलं की माझी बढतीही गेली. दोन वर्षं तिच्यासाठी राबते आहे, बाबा. आता दम राहिला नाही.

महसुली नोंदीत जमीन 'बंजर' आहे. ती बटाईनं तुमच्याकडे होती, म्हणून तुमचा जबाब हवा. कागदावर 'इथे कधीही शेती नव्हती' असं छापलंय. रागावू नका. आईचे गुडघे कसे आहेत?

तुमची,
मीनल

नेरडीगोंडा, १२ नोव्हेंबर

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

कागद पोचला. तुझी आई म्हणाली, आमी काय अठरा वर्स तिथं गोटे पेरून राह्यलो होतो काय? तू मनावर घेऊ नको, गुडघ्यांमुळे ती चिडलेली असते.

आपण घेतली तेव्हा जमीन बंजरच होती, आणि बारव म्हणजे कचऱ्याचा खड्डा. वांग्या-मेथीला पाणी पाहिजे म्हणून आम्ही दोघांनी दोन उन्हाळे गाळ उपसला, तेव्हा पायऱ्या दिसल्या. तुला बारवेचे गुण पाहिजेत, आणि भाजी तेवढी नको! पटवाऱ्यानं नोंद बदलली नाही, मीही मागे लागलो नाही. आपण बरे, आपलं काम बरं. चूक माझीच.

सही केली आहे. वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण तुझ्या आड येणार नाही. वेळेवर जेवत जा.

तुझा बाबा,
चंपतराव

हैदराबाद, २० जानेवारी २०२५

ती. बाबांस सा. न.

तुमचा कागद मी दिलाच नाही. साहेबांना खरं ते सांगितलं. त्यांनी काम काढून माझ्याबरोबर काम करणाऱ्या रविकांतला दिलं. त्यानं नुसती नोंदीची नक्कल जोडली, आणि काल जागा पात्र ठरल्याचं पत्र आलं. बढतीही त्यालाच. माझं तेलही गेलं, तूपही गेलं. फार थकले आहे. शनिवारी घरी येते.

पण एक तरी कागद खरा असावा, म्हणून मी लिहून देते की बारवेजवळच्या त्या जमिनीत माझ्या आईबापांनी अठरा वर्षं भाजी पिकवली आणि तिच्यावर मला शिकवलं. हे पत्र जपून ठेवा. माया आहे तशीच राहू द्या.

सही,
मीनल चंपतराव ढगे